उभ्या माणसाचा नकाशा

डॉक्टर समोर उभे राहून 'उजवा पाय' म्हणतात तेव्हा तो त्यांच्या उजव्या हाताकडचा नव्हे, रोग्याचा स्वतःचा उजवा. हा संकेत आहे, आणि त्याच्या जोडीस दुसराही एक आहे. शारीरशास्त्राच्या पुस्तकातला माणूस नेहमी उभा असतो: तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे. वर-खाली, पुढे-मागे हे सारे शब्द त्या उभ्या माणसाचे. शस्त्रक्रिया मात्र बहुधा आडव्या माणसावर होते. आम्ही मोंढ्यातल्या हमालांत वावरलेली माणसे, वैद्य नव्हे. पण खुबा आणि डोळा यांवरच आमच्या लोकांची भाकरी चालते, म्हणून हा विषय घेतला आहे.

वेसालिअसचा ग्रंथ १५४३ साली निघाला. त्यातील चित्रांत सोललेली प्रेते उभी आहेत आणि मागे डोंगर, गावे दिसतात. प्रेत काही उभे राहत नाही. चित्रकाराने ते उभे केले. पुढे नावांचा सुकाळ झाला. १८९५ साली बाझल येथे जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे ५०,००० नावांची छाटणी करून साडेपाच हजारांच्या आसपास ठेवली. १९५५ साली पॅरिसला त्यांची आंतरराष्ट्रीय यादी झाली. आमचा जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात. हैदराबादेस १८४६ साली निघालेल्या वैद्यकशाळेत आरंभी उर्दूतून शिकवीत. दाहिना म्हणा की राइट म्हणा, बाजू रोग्याचीच.

आता डोळा पाहा. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूचा रोगी वैद्यासमोर बसलेला आहे, आणि डावा डोळा उजव्या हाताने, उजवा डाव्या हाताने विंधावा असा दंडक आहे. त्या बसविण्यात किती अर्थ होता, हे आजच्या शस्त्रक्रियेवरून कळते. सिलिंडरचा नंबर घालविणारे भिंग डोळ्यात ठराविक दिशेनेच बसवावे लागते. दिशा एक अंश चुकली की सुमारे ३.३ टक्के गुण जातो. ३० अंश चुकली तर सिलिंडरचा नंबर काही कमी होत नाही. आणि माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो, काहींचा दहा अंशांहूनही अधिक. म्हणून रोग्याला आधी ताठ बसवून बुबुळाच्या कडेला शाईने खुणा करतात, मग निजवितात. संशोधकांपुढे तर याहून पंचाईत. उंदराच्या दृष्टिपटलाचा वरचा भाग हिरव्या प्रकाशाला, खालचा अतिनील किरणांना अधिक जागा असतो. बुबुळातून प्रतिमा उलटी पडते, तेव्हा खालचा भाग आकाश पाहतो. डोळा म्हणजे गोटी. काढण्यापूर्वी खूण केली नाही तर वरचे कोणते हे मागाहून सांगणे कठीण.

खुब्याची कथा अधिक कडू आहे. इंग्लंडात राइटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ पासून पोलादी गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी यांचा जो सांधा बसविला, तो जगभर गेला. वाटीचे तोंड कोणीकडे हवे? अमेरिकेत ल्युइनेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली ३०० खुबे तपासले. रोग्याला उताणे निजवून, कमरेच्या हाडांवर तिपाईसारखे साधन ठेवून, गवंडी ओळंबा-लेव्हल पाहतो तशी बुडबुड्याने पातळी साधून क्ष-किरण फोटो घेतले. वाटीचा कल ४० अंश, पुढची दिशा १५ अंश, दोहोंत दहा अंशांची सूट. या हद्दीत शेकडा १.५ गोळे निसटले, हद्दीबाहेर ६.१. झाले! नियम घोकला गेला. पुढे २०१६ साली मेयो क्लिनिकमधून हिशेब आला: निसटलेल्या २०६ खुब्यांपैकी १२० त्याच हद्दीत होते.

हद्द निजलेल्या माणसाची होती. तो उठला, चालला, बसला की कमरेचे कडे कलते, आणि एक अंश कलले की वाटीची पुढची दिशा सुमारे पाऊण अंशाने बदलते. बसताना कडे मागे जाते, वाटी पुढे उघडते, मांडीला वाट मिळते. पण पाठीचा कणा ताठला असेल, वयाने म्हणा की ओझ्याने म्हणा, तर कडे हलत नाही. मांडीचे हाड वाटीच्या कडेवर आपटते आणि गोळा मागे निसटतो.

म्हणूनच 'मांडी घालू नका, उकिडवे बसू नका' असे बजावून रोग्याला घरी धाडतात. खुर्चीवरच्या कारकुनाला हा उपदेश परवडेल. भाकऱ्या थापणारी, शेंगा फोडणारी, पोत्याची शिवण घालणारी माणसे काय करणार? अलीकडे काही शस्त्रवैद्य आधी उभ्याने आणि बसल्याने असे दोन फोटो काढतात. ही सुधारणा खरी. पण बसल्याचा फोटो स्टुलावरचा असतो. परभणीस २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जमिनीवर बसणाऱ्याची कंबर किती कलते हे मोजावयाचे तर तेथील विद्यार्थ्यांना मोंढ्यापर्यंतच यावे लागेल; माणसे आम्ही जमवून देऊ.