जुन्नर: धान्य व्यापाऱ्यांच्याही दानातून उभी राहिलेली बुद्धलेणी

पुण्यापासून सुमारे ९० किमीवर, कुकडी नदीच्या खोऱ्यात जुन्नर वसले आहे. आज हा द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याचा तालुका आहे. सातवाहन काळात कल्याण, सोपारा या कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून येथे येत असे. या शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत.

काय पाहावे?

लेण्याद्री: जुन्नरपासून सुमारे ५ किमी. क्रमांक ६ चे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान असल्याचे तेथील शिलालेख सांगतो. शेजारचे क्रमांक ७ हे आतमध्ये एकही खांब नसलेले प्रशस्त विहार आहे. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या त्याच्या तीन बाजूंना आहेत. आज ते अष्टविनायकातील गिरिजात्मजाचे स्थान म्हणून ओळखले जाते.

तुळजा लेणी: येथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मधल्या स्तूपाभोवती १२ खांब आहेत. भारतात अशी रचना फार दुर्मीळ आहे.

शिवनेरी: छत्रपती शिवरायांचे जन्मस्थान. किल्ल्याच्या कड्यांतही बौद्ध लेणी आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे.

मानमोडी: क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख येथे आहे. आणखी एका लेखात करंज आणि वडाच्या झाडांसाठी शेतजमिनीचे उत्पन्न ठेवल्याचा उल्लेख आहे. दाता शक उपासक होता.

नाणेघाट: सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आणि दगडी रांजण.

लेणी केवळ राजांनी कोरून घेतली नाहीत. धान्य विकणारे, कारागीर आणि परदेशातून आलेले उपासक यांनी ती उभी केली. हा पुरावा धम्मलिपीत भिंतींवर कोरलेला आहे. तो आपल्याला वाचता आला नाही, तर लेण्यांची ओळख इतर कोणी ठरवेल.

जाताना

मालवण-कट्टा भागातील बांधवांनी पुणे गाठून नारायणगावमार्गे जावे. दोन दिवस हाताशी ठेवावेत. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, त्यामुळे सकाळीच चढावे. नाणेघाट पावसाळ्यात निसरडा असतो. अक्षरांवर खडू, तेल किंवा रंग लावू नये. फोटो घ्यावा, लेख उतरवून घ्यावा. भाविकांशी वाद न घालता शांतपणे माहिती सांगावी. निघण्यापूर्वी गटातील निदान दोघांनी धम्मलिपीची मुळाक्षरे शिकून घ्यावीत.

नमो बुद्धाय! जय भीम!