परभणी ते जिद्दा

मुंबईहून जिद्द्याचे हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमान ते पाच-साडेपाच तासांत कापते. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. त्याला मात्र रात्रभर, म्हणजे दहा-अकरा तास लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या हाजींच्या प्रवासाचा इतिहास या दोन आकड्यांत आहे. समुद्र आक्रसत गेला, जमीन फारशी आक्रसली नाही.

मोगल काळात सुरतेला 'बाबुल मक्का' म्हणत. शिडाच्या जहाजांना वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. आगबोटी आल्या तशी मुंबई हे हजचे मुख्य बंदर झाले आणि मोगल लाइन हे नाव घराघरांत पोचले. तरी वाट निर्वेध नव्हतीच. मुंबईत प्लेग पसरला म्हणून 1897 साली इंग्रज सरकारने हजची वाहतूकच बंद केली होती.

त्या वेळी परभणी निजामाच्या राज्यात होती. 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि परभणी, मानवत रोड, सेलूच्या माणसाला मुंबईची सोय झाली. मनमाडला उतरायचे, बोजा उचलून मोठ्या गाडीत बसायचे. बोज्यात तांदूळ-डाळ असे, आणि कित्येकांच्या बोज्यात कफनही. मुंबईत बोट सुटेपर्यंत मुक्काम साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी. आपल्या लोकांना मुंबई पहिल्यांदा दिसली ती बहुधा अशीच.

बोटीला आठवडा ते दोन आठवडे लागत. बाबुल मंदबची सामुद्रधुनी ओलांडली की कामरान बेट. तिथे 1880 च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत, कपडे वाफेवर घालत. त्याचा जाच मोठा होता. पुढे यलमलमच्या समोर बोट आली की पुकारा होई आणि सारी बोट एहराममध्ये येई. तोवर शेजारचा केरळचा की बिहारचा हे विसरायला पुरेसे दिवस मिळालेले असत. विमानात तेवढा वेळ नाही. बहुतेक जण एहराम बांधूनच विमानात चढतात. सोय झाली हे खरेच, पण ओळखी कमी झाल्या हेही खरे.

1995 मध्ये मुंबई-जिद्दा बोट कायमची थांबली. योगायोग असा की त्याच दशकात आपला मीटरगेज रुंद झाला आणि मनमाडची अदलाबदल संपली.

एक धागा मात्र तुटला नाही. निजामाच्या रियासतीतल्या हाजींसाठी मक्केत रुबाती, म्हणजे मोफत उतरण्याची घरे होती. 1948 साली हैदराबाद संस्थान संपले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला, तरी परभणीचा माणूस रुबातीच्या हिशेबात हैदराबादचाच राहिला.

मराठवाड्यातल्या हाजींसाठी औरंगाबादहून थेट विमाने सुटू लागली तेव्हा वाटले, मुंबईची ती रात्र वाचली. 2023 साली मात्र औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा सुमारे 88 हजार रुपये जास्त मोजावे लागले. लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्याच्याकडे एवढे पैसे नव्हते त्याच्यासाठी रात्रीची मुंबईची गाडी होतीच.