अजब बंगल्यातील अनामत

नागपुरात कुणालाही 'मध्यवर्ती संग्रहालय कुठे आहे हो?' असे विचारून पाहा. तो डोके खाजवील, शेजारच्या पानठेल्यावाल्याचा सल्ला घेईल आणि तुम्हाला एखाद्या ग्रंथालयाकडे पिटाळील. तेच 'अजब बंगला' म्हणा, की शेंबडे पोरदेखील बोट दाखवील. सरकारने १८६३ साली मोठ्या हौसेने भारदस्त नाव ठेवले आणि लोकांनी त्याचे बारसे आपल्या परीने पुन्हा केले. एका अर्थी लोकांचेही बरोबरच होते. ज्यांच्या गोठ्यातली वासरे वाघ फुकटात उचलून नेत होता, त्यांना साहेबाने तोच वाघ पेंढा भरून, काचेचे डोळे बसवून बघायला बोलावले. याला अजब म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

हा बंगला सिव्हिल लाइन्समध्ये, रिझर्व्ह बँकेपासून हाकेच्या अंतरावर आहे. रिझर्व्ह बँकेचे काही सोने नागपूरच्या तिजोरीत असते असे वर्तमानपत्रांत छापून येते. मी पडलो बँकेतला कारकून. त्यामुळे तिजोरी म्हटली की माझी मान आदराने आपोआप खाली जाते. पण खरे सांगू? जुन्या ठेवी पाहायच्या तर त्या इकडे, बंगल्यात. बंदोबस्त मात्र सगळा तिकडे.

बंगल्याची मूळ कल्पना सर रिचर्ड टेंपल यांची. १८६१ साली इंग्रजांनी 'मध्यप्रांत' नावाचे नवे दुकान थाटले आणि टेंपलसाहेब त्याचे चीफ कमिशनर होऊन आले. दुकान थाटले की मालाची यादी हवी. इथे कोणती झाडे आहेत, कोणते दगड, कोणते बैल, कोणती माणसे, हे सगळे मोजून मांडायची साहेबांना भारी हौस. १८६५ साली त्यांनी नागपुरात एक मोठे प्रदर्शनही भरवले. रेल्वे येऊन पोहोचली ती १८६७ साली, म्हणजे प्रदर्शनाला माणसे आली ती बैलगाडीने.

पण या यादीतला खरा जाणकार दुसराच होता. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. आला होता धर्म शिकवायला, आणि दगड वेचत बसला. नागपूरच्या उन्हात माणूस सावली शोधतो; हा गृहस्थ खडक शोधत हिंडायचा. आपला सोबती हंटर याच्याबरोबर त्याने सीताबर्डीची टेकडी, टाकळी हा सगळा मुलूख पालथा घातला. सीताबर्डीची टेकडी आम्हाला माहीत ती १८१७ च्या लढाईमुळे. भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज तिथे भिडले, भोसले हरले, हा धडा आम्ही शाळेत पाठ केला. हिस्लॉपने त्याच टेकडीच्या पोटात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला तळ्याचा गाळ पाहिला. असल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा आला, थंडावला, त्यावर तळे साचले, तळ्यात गोगलगायी सुखाने नांदू लागल्या, आणि वरून दुसरा लाव्हा आला. नागपूरच्या उन्हाळ्याची कुरकुर करणाऱ्यांनी या गोगलगायींचा विचार करावा.

दक्षिणेकडे मांगली नावाच्या गावी या दोघांना एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली. रिचर्ड ओवेन या बड्या शास्त्रज्ञाने १८५५ साली तिचे 'ब्रॅकिऑप्स' असे नामकरण केले आणि ती तिकडचीच झाली. आमच्याकडची हुशार पोरे परदेशी जातात आणि नाव बदलून तिथेच राहतात, ही रीत अशी जुनी आहे.

याच हिस्लॉपने गोंडांची भाषा, त्यांचे देव, त्यांची गाणी यांच्यावर वर्षानुवर्षे टिपणे काढली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो टेंपलसाहेबांबरोबर टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेला. संध्याकाळी तो एकटाच घोड्यावरून बोरीकडे परत निघाला. वाटेतल्या नाल्याला पूर आला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. ज्या वर्षी संग्रहालय निघाले त्याच वर्षी हे घडले. टिपणे अर्धवट होती. पुढे १८६६ साली टेंपलसाहेबांनी ती स्वतः संपादून छापली. वरिष्ठाने कनिष्ठाचे काम त्याच्याच नावाने प्रसिद्ध केले, ही घटना मला तरी त्या सबंध संग्रहालयापेक्षा जास्त अजब वाटते.

आता, या मुलखात मूळचे कोण आणि उपरे कोण, हा हिशेब मांडायला बसलो की माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही घाम फुटतो. नागपूर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, १७०२ च्या सुमारास, बारा खेडी एकत्र करून. त्यानेच चहूकडून शेतकरी, कारागीर बोलावून इथे वसवले. पुढे त्याच्या वारसांत भांडण लागले. ते मिटवायला रघूजी भोसल्यांना बोलावणे गेले. रघूजी आले, त्यांनी भांडण मिटवले आणि घरही ताब्यात घेतले. १७४३ च्या सुमारास नागपूर भोसल्यांची राजधानी झाली आणि गोंड राजा आपल्याच गावात पेन्शनर झाला. मग ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नाही. इंग्रजांनी दत्तक नाकारला आणि १८५४ साली राज्य खालसा केले. आमच्या भाषेत सांगायचे तर 'नॉमिनेशन नाही, सबब शिल्लक मुख्य कार्यालयाकडे वर्ग.' भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला गेले आणि हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला. त्या लिलावानंतर दहाच वर्षांत साहेबाने जुन्या वस्तू जपण्यासाठी संग्रहालय काढले! आधी घर रिकामे करायचे आणि मग शोकेस विकत आणायची, असाच हा प्रकार.

आता गुंगेरियाची गोष्ट. माझ्या मते बंगल्यातली सगळ्यात मोठी ठेव हीच, आणि तिच्यासमोर कधी गर्दी नसते. १८७० साली बालाघाट जिल्ह्यात या गावी गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. त्यांनी तो ओढला. खणत गेले तेव्हा ४२४ तांब्याची हत्यारे निघाली आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. तांब्याचेच वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलो भरले. वय निदान तीन हजार वर्षे. चांदीचे काही पत्रे वाटोळे, काही बैलाच्या मुंडक्यासारखे, खाली वळलेल्या शिंगांचे. ते कशासाठी केले, याचा उलगडा पंडितांना अजून झालेला नाही. काही माल ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही इथे राहिला. पुढे १९५६ साली प्रांत फुटला, बालाघाट मध्यप्रदेशात गेले आणि नागपूर मुंबई राज्यात. शाखा एका राज्यात, खातेदार दुसऱ्या राज्यात, लॉकर मात्र जागच्या जागी. ठेवणारा तर तीन हजार वर्षांत चौकशीला फिरकलेला नाही. आमच्याकडे दहा वर्षे कुणी फिरकले नाही की खाते बेवारस ठरते.

पण बंगल्यात एक दालन असे आहे, की जिथले खातेदार अजून येतात. आदिवासींच्या दागिन्यांचे, वाद्यांचे दालन. हिस्लॉपने टिपलेल्या गाण्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, दारावर शिळा लावतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेकडे दर माघी पौर्णिमेला हजारो गोंड अजून जातात. म्हणजे गाणे चालू खात्यात आहे, आणि आम्ही त्याच्या वस्तू मुदत ठेवीत घालून बसलो आहोत.

त्या दालनात मी एकदा एक म्हातारा पाहिला. डोक्याला पटका, बरोबर नातू. बाकीची मंडळी वाघाकडे धावली. हा एका ढोलापुढे उभा राहिला तो हलेनाच. पाटीवरची दोन ओळींची माहिती नातवाने अडखळत वाचून दाखवली. म्हाताऱ्याने मान हलवली आणि स्वतः सांगायला लागला. लाकूड कोणते, कातडे कुठल्या बाजूला कुठले, कोणत्या सणाला कोण वाजवतो. अर्धे गोंडीत, अर्धे आमच्या बोलीत. खुर्चीवर पेंगणारा पहारेकरी हळूच उठून मागे येऊन उभा राहिला. मीही राहिलो. शेवटी पहारेकऱ्याला राहवेना.

"बाबाजी, इतकी वर्षं मी याच्यावर पहारा देऊन राहिलो. हे वाजते तरी कसं?"

म्हाताऱ्याने काचेला बोट लावले आणि म्हणाला, "हे काढान, तं दाखवतो."