नको, नक्को आणि ‘कम ऑफ इट’

हैदराबादच्या बेगम बाजारात गोंयकाराला एक शब्द हमखास घरचा वाटतो, तो म्हणजे ‘नक्को’. दुसरा निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३) याची पत्नी हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव. भांडी, मसाले, सुकामेवा यांच्या या घाऊक पेठेत ‘मेरेकू नक्को’, ‘नक्को जाओ’ असली दखनी मी कान देऊन ऐकत असतो. हा नक्को म्हणजे मराठीतला ‘नको’, आपल्या कोकणीतला ‘नाका’.

तो तिथे कसा पोचला? १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला, म्हणजे ऐन मराठी मुलखात आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य आले, १५९१ मध्ये हैदराबाद वसले. उत्तरेकडून आलेली बोली मराठी शेजारात वाढली आणि तिने आपला नकार उचलला. गंमत अशी, की शब्द मराठी, पण जागा हिंदीची. आपण ‘जाऊ नको’ म्हणतो, दखनी ‘मत जाओ’च्या चालीवर ‘नक्को जाओ’ म्हणते.

इंग्रजीचा ‘डोन्ट’ही असाच क्रियापदाच्या आधी बसतो. आपली मुले अडखळतात ती मात्र दुसरीकडे. मराठीत ‘ये’ आणि ‘या’ यांतूनच समोरच्याचा मान कळतो. इंग्रजीत ‘कम’ सर्वांना एकच, मान ‘प्लीज’मध्ये आणि सुरात. त्यात ‘कम ऑफ इट’ आले की शब्दकोश हात टेकतो. शब्दशः ‘त्यावरून उतर’, अर्थ मात्र ‘उगाच काहीतरी सांगू नकोस’. पण आपल्या ‘चल, काहीतरीच!’ मधला ‘चल’ तरी कोणाला चालायला सांगतो? मागणी ‘उडवून लावली’ म्हणताना काय उडते?

हैदराबादेतच १९५८ मध्ये इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था सुरू झाली. तरीही अनेक वर्गांत अशी क्रियापदे अजून यादी करून घोकली जातात. दखनी बोलणाऱ्यांनी ‘नको’ यादीतून घेतला नव्हता. कोण, कोणाला, कोणत्या सुरात म्हणतो, हे ऐकत तो त्यांच्या तोंडी बसला. मुलांना इंग्रजी आज्ञा शिकवताना आधी हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि शेजारी आपला ‘चल’ मांडावा. मग परकी भाषा निम्मी तरी घरची होते.