पडद्याची ओळख: डिप-स्विचपासून ड्रायव्हरच्या यादीपर्यंत

संगणकाचा पडदा आपण होऊन चित्र काढत नाही. एका ओळीत किती बिंदू, एका सेकंदात किती ओळी, वीज दिल्यावर किती वेळ थांबायचे, हे सारे ग्राफिक्स ड्रायव्हर ठरवतो. त्यासाठी समोर कोणता पडदा जोडला आहे हे त्याला आधी ठाऊक असावे लागते. ही ओळख कधी माणसाने करून दिली, कधी तारेने, कधी पडद्यातल्या चिपने. प्रत्येक टप्प्यावर ओळखीची खूण अधिक नेमकी होत गेली आणि प्रत्येक टप्प्यावर त्या खुणेत न बसणारा एखादा पडदा कारखान्यातून बाहेर पडत राहिला.

१९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा प्रश्न दोनच पडद्यांचा होता. एकरंगी मॉनिटरला सेकंदाला सुमारे १८,४०० ओळी लागत, रंगीताला सुमारे १५,७००. कार्ड एकाचे आणि मॉनिटर दुसऱ्याचा अशी गफलत झाली तर एकरंगी मॉनिटरचे आतले सर्किट जळण्याचा धोका असे. १९८४ साली ईजीए कार्ड आले. ते दोन प्रकारच्या रंगीत मॉनिटरांवर आणि एकरंगीवरही चाले. कोणता मॉनिटर जोडला आहे हे सांगण्यासाठी कार्डाच्या मागच्या पट्टीवर चार छोटे डिप-स्विच दिलेले होते. जोडणाऱ्याने पुस्तिका पाहून ते वर-खाली करायचे आणि सॉफ्टवेअरने ते खरे मानायचे. मॉनिटर बदलून स्विच तसेच राहिले, तर यंत्राला ते कळण्याची सोय नव्हती.

१९८७ च्या व्हीजीएने हे काम तारेवर सोपवले. त्याच्या पंधरा पिनांच्या जोडणीत काही पिना केवळ ओळखीसाठी राखलेल्या होत्या. मॉनिटरच्या बाजूला त्यातली एखादी पिन जमिनीला जोडलेली असे, बाकीच्या मोकळ्या. कोणती जोडलेली आहे त्यावरून एकरंगी की रंगीत हे कार्डाला कळे. स्विच विसरण्याची भीती गेली, पण दोन-तीन तारांत मावणारी माहिती ती केवढी! तोवर वेगवेगळ्या गतींशी जुळवून घेणारे ‘मल्टिसिंक’ मॉनिटर बाजारात आले होते आणि प्रत्येक कंपनीच्या मॉनिटरची मर्यादा निराळी होती.

त्यामुळे ओळखीचा भार पुन्हा माणसावर आला. १९९० च्या दशकात लिनक्सवर एक्सफ्री८६ ही चित्रप्रणाली बसवणाऱ्याला मॉनिटरची आडवी आणि उभी गती स्वतःच्या हाताने फाइलमध्ये लिहावी लागे. आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेत सापडत. पुस्तिका हरवली असेल तर अंदाजपंचे काम चाले. चुकीच्या गतीने मॉनिटर कायमचा बिघडू शकतो, असा इशारा सोबतच्या माहितीत दिलेला असे.

या अडचणीवर व्हेसा या संघटनेने १९९४ साली उपाय काढला. मॉनिटरमध्येच एक छोटी स्मृती-चिप बसवायची, तिच्यात त्या मॉनिटरची सगळी माहिती ठरावीक साच्यात भरायची आणि ती वाचण्यासाठी जुन्याच जोडणीतल्या दोन पिना वापरायच्या. पूर्वी ओळखीसाठी जमिनीला जोडली जाणारी बारा क्रमांकाची पिन आता माहिती वाहू लागली आणि पंधरा क्रमांकाची तिला ठेका देऊ लागली. या साच्याला ईडीआयडी म्हणतात.

ईडीआयडी म्हणजे पडद्याची १२८ बाइटांची जन्मपत्रिकाच. पहिला आणि आठवा बाइट शून्य, मधले सहा २५५. हे तिचे मंगलाचरण. त्यानंतरच्या दोन बाइटांत निर्मात्याची तीन अक्षरे, पुढे वस्तूचा क्रमांक, अनुक्रमांक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष. वर्ष १९९० पासून मोजले जाते. तिथे ३४ लिहिले असेल तर पडदा २०२४ चा. शेवटचा बाइट पडताळ्याचा असतो. सगळ्या १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, नाहीतर पत्रिका सदोष.

तीन अक्षरे दोन बाइटांत कशी मावतात हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक इंग्रजी अक्षराला त्याच्या क्रमांकाचे पाच बिट मिळतात. बीओई ही चिनी कंपनी घेतली, तर बी दुसरा, ओ पंधरावा, ई पाचवा. द्विमान पद्धतीत ०००१०, ०११११, ००१०१. डावीकडे एक शून्य लावून हे सोळा बिट सलग मांडले आणि मधोमध तोडले की ००००१००१ आणि १११००१०१ हे दोन बाइट मिळतात, म्हणजे ९ आणि २२९. ड्रायव्हर हीच आकडेमोड उलट करतो आणि समोरचा पडदा कोणाचा आहे हे ओळखतो.

पत्रिका आली, पण ती बरोबरच असेल याची हमी नव्हती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे पडदे थोडे नव्हते. साच्यानुसार चित्राचा आकार मिलिमीटरमध्ये लिहायचा असताना काहींनी तो सेंटिमीटरमध्ये लिहिला. त्यामुळे संगणकाच्या लेखी पडदा दहापट लहान झाला. काहींनी स्वतःला न पेलणारी गती आपली आवडती म्हणून नोंदवली. २००९ साली लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या चिपांसाठी पडद्याची गती ठरवण्याचे काम कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, आले. अशा चुकार पडद्यांची यादीही पुढे कर्नलच्या ईडीआयडी वाचणाऱ्या फाइलमध्ये राहू लागली. यादीतल्या प्रत्येक ओळीत निर्मात्याची तीन अक्षरे, वस्तूचा क्रमांक आणि कोणती दुरुस्ती करायची त्याची खूण असते. ओळख पटली की पत्रिकेतला तेवढा भाग ड्रायव्हर बाजूला ठेवतो.

लॅपटॉपमध्ये पडदा कायमचा बसवलेला असतो, तरी एकाच मॉडेलात निरनिराळ्या कंपन्यांची पॅनेले येतात. इंटेलच्या यंत्रांत त्यासाठी बायोसमध्ये एक तक्ता ठेवलेला असतो. त्यात सोळा पॅनेलांच्या नोंदींची जागा असून त्यातली कोणती लागू, हे एक क्रमांक सांगतो.

मोबाइल फोनमध्ये मात्र सहसा ईडीआयडीच नसते. तिथे पडद्यामागच्या नियंत्रक चिपलाच आज्ञा पाठवून ‘तू कोण’ असे विचारावे लागते. नोकियाने २००५ साली ७७० हे लिनक्सवर चालणारे छोटे यंत्र काढले. अशा यंत्रांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये ही विचारपूस मोजक्या ओळींत दिसते. उत्तराच्या पहिल्या बाइटमध्ये षोडशमान ४५ आले तर पॅनेल एलपीएच८९२३, ८३ आले तर एलएस०४१वाय३. दुसरे काही आले तर ते अनोळखी.

ही पद्धत सरळ दिसते, पण तिच्यात एक पेच आहे. काही चिपा योग्य क्रमाने वीज आणि आरंभाच्या आज्ञा मिळाल्याशिवाय उत्तर देत नाहीत, आणि तो क्रम पॅनेल कोणते आहे त्यावर अवलंबून असतो. म्हणून क्वालकॉमच्या चिपा असलेल्या फोनांत ओळखण्याचे काम कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर हा प्रोग्रॅम उरकतो आणि पॅनेलचे नाव कर्नलला आज्ञेच्या ओळीतून कळवतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेला पोको एफ१ हे याचे ठळक उदाहरण. बाहेरून फोन एकच, पडदा १०८० गुणिले २२४६ बिंदूंचा. पण काही फोनांत तियान्मा या कंपनीचे पॅनेल, काहींत ईबीबीजीचे. पहिल्यात नोव्हाटेकची नियंत्रक चिप, दुसऱ्यात फोकलटेकची. मूळ लिनक्स कर्नलमध्ये या फोनाला जागा मिळाल्यानंतर पुढे यंत्राचे वर्णन करणाऱ्या ‘डिव्हाइस ट्री’च्या दोन स्वतंत्र फाइली झाल्या, एक तियान्माची आणि एक ईबीबीजीची. समान भाग तिसऱ्या फाइलीत गेला. चुकीची फाइल निवडली तर पडदा नीट चालत नाही.

फोन दुरुस्तीच्या धंद्यात याच पॅनेलला काचेसकट ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात. रायगड जिल्ह्यातल्या कुडपणसारख्या डोंगरातल्या गावात फोनचा डिस्प्ले फुटला तर पोलादपूर किंवा महाड गाठावे लागते. तिथे बसवलेला कॉम्बो मूळच्याच कंपनीचा असेल असे नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पॅनेलांची सोय असल्याने ग्राहकाला फरक जाणवत नाही. त्या अदलाबदलीची दखल फक्त बूटलोडर घेतो.

लॅपटॉपांत ईडीआयडी टिकून राहिली, पण तिच्यात पॅनेलला वीज कधी द्यायची आणि किती थांबायचे याचा उल्लेख नसतो. २०२१ साली कर्नलमध्ये अशा पॅनेलांसाठी वेगळा ड्रायव्हर झाला. तो आधी ईडीआयडी वाचतो, निर्माता आणि क्रमांक आपल्या तक्त्यात शोधतो आणि तिथले विलंब लागू करतो. पॅनेल तक्त्यात नसेल तर इशारा नोंदवून सावध आकडे वापरतो. बंद केलेला पडदा पुन्हा चालू करण्याआधी तब्बल २,००० मिलिसेकंद थांबतो.

या तक्त्यालाही २०२४ मध्ये ठेच लागली. एयूओ या तैवानी कंपनीची दोन पॅनेले, बी११६एक्सएके०१.० आणि बी११६एक्सएएन०४.०, ४०५सी हा एकच क्रमांक सांगत होती. त्यातल्या एकाला ईडीआयडीतली गती बाजूला सारून वेगळी द्यावी लागे, नाहीतर चित्र बिघडे. दुसऱ्याला मात्र ईडीआयडीतलीच हवी होती. त्यानंतर ड्रायव्हर क्रमांकाच्या जोडीने ईडीआयडीच्या शेवटच्या भागात अक्षरांत लिहिलेले नावही ताडून पाहू लागला. हे नाव जास्तीत जास्त तेरा अक्षरांचे असते. माणसाला वाचता यावे म्हणून ठेवलेले ते नाव जुळ्या पॅनेलांतला फरक ओळखण्यासाठी ड्रायव्हरच्या कामी आले.