संलग्नता आणि क्रीडांगण : वऱ्हाडातील आंतरमहाविद्यालयीन क्रीडावर्तुळांची बदलती सीमा

प्रस्तावना

महाविद्यालयाचा संघ कोणाविरुद्ध खेळतो, हा प्रश्न वरवर पाहता शारीरिक शिक्षण संचालकांच्या वेळापत्रकाचा वाटतो. वस्तुतः तो उच्च शिक्षणाच्या प्रशासकीय इतिहासाचा प्रश्न आहे. वऱ्हाडातील महाविद्यालयांचे प्रतिस्पर्धी गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले. परंतु हा बदल मैदानावरील कारणांनी नव्हे, तर विद्यापीठांच्या कायद्यांनी घडवून आणला. या बदलाचे टप्पे आणि खेळाडू विद्यार्थ्यावर झालेला त्याचा परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवड आणि नेमणूक

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे विद्यापीठे परस्परसंमतीने क्रीडासंघटना स्थापन करतात आणि सोडतातही. १८९६ मध्ये मध्यपश्चिमेतील सात विद्यापीठांनी स्थापन केलेल्या आणि पुढे ‘बिग टेन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संघटनेतून शिकागो विद्यापीठ १९४६ मध्ये बाहेर पडले. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण रद्द केले. त्यानंतर प्रक्षेपणाचे उत्पन्न हे सदस्यत्व बदलण्याचे प्रमुख कारण बनले. २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे ‘बिग टेन’मध्ये आली आणि सदस्यसंख्या अठरा झाली. नावातील ‘दहा’ मात्र कायम राहिले.

वऱ्हाडात अशी निवड महाविद्यालयाच्या हाती कधीच नव्हती. ज्या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात महाविद्यालय येते, त्याच विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याचा संघ उतरतो. तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या रचनेनुसार पश्चिम विभागात आणि पुढे अखिल भारतीय स्तरावर खेळतो. म्हणजेच संलग्नतेचे पत्र हेच क्रीडावर्तुळाचे प्रवेशपत्र होय.

नागपूरचे विशाल वर्तुळ

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाले. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताबरोबर एका प्रशासनाखाली असल्याने नागपूरचे वर्तुळ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषक प्रदेशांचे होते. पुढे सागर (१९४६) आणि जबलपूर (१९५६) येथे विद्यापीठे स्थापन झाली, १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि हे वर्तुळ विदर्भापुरते उरले. या काळात वऱ्हाडात महाविद्यालये वाढत गेली. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने १९४६ मध्ये अमरावतीत महाविद्यालय काढले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभारले. या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

विभाजनाचे टप्पे

पहिली फूट प्रदेशावरून नव्हे, तर विद्याशाखेवरून पडली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि कृषी महाविद्यालयाचा संघ नागपूर विद्यापीठाच्या वर्तुळाबाहेर गेला. दुसरी फूट प्रादेशिक होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होऊन अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाणा हे जिल्हे वेगळे झाले (वाशिम हा पाचवा जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून निर्माण झाला). हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे महाविद्यालयही नव्या विद्यापीठाकडे आले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठामुळे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूरपासून अलग झाले.

या विभाजनाचा लाभ साध्या गणिताने स्पष्ट होतो. कबड्डीच्या संघात सात खेळाडू मैदानात व पाच राखीव असे बारा जण धरले, तर १९८३ पूर्वी पारंपरिक विद्याशाखांतील संपूर्ण विदर्भातून बाराच विद्यार्थी विद्यापीठाचे ‘कलर होल्डर’ होऊ शकत होते. १९८३ नंतर ही संख्या चोवीस आणि २०११ नंतर छत्तीस झाली. मेहकर, पुसद किंवा दर्यापूर येथील खेळाडूला विद्यापीठाच्या संघापर्यंतचा मार्ग जवळचा झाला.

एक शहर, अनेक वर्तुळे

या लाभाची दुसरी बाजू अकोला शहरात दिसते. १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि २००० मध्ये नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परिणामी जठारपेठेत शेजारी राहणारे चार विद्यार्थी शहर न सोडताही चार निरनिराळ्या क्रीडावर्तुळांत विभागले जाऊ शकतात : कला, वाणिज्य वा विज्ञानाचा विद्यार्थी अमरावतीच्या, कृषीचा अकोल्याच्याच, वैद्यकाचा नाशिकच्या आणि पशुवैद्यकाचा नागपूरच्या. सायंकाळी एकाच मैदानावर सराव करणारे हे खेळाडू आपापल्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकमेकांसमोर येत नाहीत. उलट वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा अधिकृत प्रतिस्पर्धी कोकणातील वा मराठवाड्यातील महाविद्यालयाचा असू शकतो. नागपूर आणि अकोला यांच्यातील चुरसही आंतरमहाविद्यालयीन पातळीवरून संपली. आता ती पश्चिम विभागीय स्पर्धेत किंवा राज्याच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवात विद्यापीठांच्या नावाने होते, महाविद्यालयांच्या नावाने नव्हे.

निष्कर्ष

अमेरिकेत सदस्यत्व उत्पन्नाच्या मागे गेले, तर वऱ्हाडात संलग्नतेच्या मागे. दोन्हीकडे जुने शेजारी दुरावले. मात्र वऱ्हाडातील विभाजनाने प्रतिनिधित्वाच्या संधी वाढविल्या, हे नाकारता येत नाही. म्हणून प्रश्न विभाजन रद्द करण्याचा नसून त्यामुळे तुटलेला शेजार पुन्हा जोडण्याचा आहे. संलग्नता कोणतीही असो, एका शहरातील सर्व महाविद्यालयांना एकत्र आणणारी नियमित स्पर्धा भरविण्यास नव्या कायद्याची वा मोठ्या प्रवासखर्चाची गरज नाही. परीक्षेचे प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ देते, यावरून खेळातील शेजारी ठरावा, असा खेळाचा कोणताही नियम नाही.