कुटुंबीयांचे देशांतर व कायम निवासाधिकार

परदेशात स्थायिक झालेल्या व्यक्तीने आपल्या निकटच्या आप्तांना तेथे कायम राहण्याचा हक्क मिळावा म्हणून त्या देशाच्या शासनाकडे अर्ज करणे व त्यांच्या निर्वाहाची हमी देणे, या व्यवस्थेस कुटुंबपुरस्कृत देशांतर म्हणतात. अर्जदारास पुरस्कर्ता व त्याच्या आप्तास लाभार्थी अशी संज्ञा आहे. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा यासंबंधीचा कायदा विशेष महत्त्वाचा आहे.

पूर्वेतिहास : भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींत तीव्रतेने उपस्थित झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या १९१२ मधील दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यानंतर, मार्च १९१३ मध्ये, तेथील न्या. सर्ल यांनी बहुपत्नीकत्व मान्य असलेल्या धर्मांच्या विधींनुसार झालेले विवाह कायद्याने ग्राह्य नाहीत, असा निर्णय दिला. परिणामी भारतीयांच्या पत्नींचा प्रवेशाधिकार धोक्यात आला आणि सत्याग्रहात स्त्रियाही उतरल्या. १९१४ च्या अधिनियमाने एक पत्नी व अज्ञान मुले यांचा प्रवेश मान्य झाला; १९१८ च्या साम्राज्य परिषदेने हेच तत्त्व इतर स्वायत्त वसाहतींपुढे ठेवले.

अमेरिकेत आनंदीबाई जोशी (१८८३) व भीमराव आंबेडकर (१९१३) शिक्षणासाठी गेले. परंतु १९१७ च्या कायद्याने भारतीयांच्या वसाहतीस बंदी घातली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट खुली झाली, तरी भारताचा वार्षिक कोटा अवघा १०० होता.

१९६५ चा कायदा व नंतरचे बदल : ३ ऑक्टोबर १९६५ रोजी संमत झालेल्या कायद्याने वंश व राष्ट्र यांवर आधारलेला कोटा रद्द करून आप्तसंबंध व व्यावसायिक कौशल्य हे निकष आणले. नागरिकाचे पती वा पत्नी, अज्ञान मुले व आईवडील यांना संख्येच्या मर्यादेतून वगळण्यात आले. प्रथम डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ यांनी कौशल्याच्या आधारे प्रवेश मिळविला आणि मागाहून आप्तांना नेले. शिकागो येथील महाराष्ट्र मंडळ (१९६९) व बृहन्महाराष्ट्र मंडळ (१९८१) या संस्था याच वाढत्या वस्तीतून उभ्या राहिल्या.

१९९० च्या कायद्याने संख्यामर्यादित आप्तांचे चार अग्रक्रम ठरविले. भावंडांचा अग्रक्रम चौथा असून त्यासाठी वर्षाला ६५,००० परवाने राखले आहेत. शिवाय कोणत्याही एका देशास एकूण परवान्यांच्या सुमारे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू शकत नाही. त्यामुळे भारतीय भावंडांची प्रतीक्षा लांबत गेली. २०२४ मध्ये ज्यांची पाळी आली, त्यांचे अर्ज २००६ च्या सुमारास दाखल झालेले होते. या काळात लाभार्थ्याची मुले एकवीस वर्षे ओलांडतात. २००२ च्या कायद्याने अर्जाच्या छाननीस लागलेला काळ मुलाच्या वयातून वजा करण्याची सवलत दिली. मात्र छाननीनंतर रांगेत गेलेला काळ वजा होत नाही. परिणामी आईवडिलांना परवाना मिळून वयात आलेले अपत्य मागे राहते, असे प्रसंग घडतात. आजीआजोबा, काका, पुतणे यांच्यासाठी स्वतंत्र अग्रक्रमच नाही. एकत्र कुटुंबाची भारतीय कल्पना या कायद्यात बसत नाही.

पुराव्याचा प्रश्न : नाते सिद्ध करण्याची जबाबदारी पुरस्कर्त्यावर असते. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत हे काम कठीण ठरते. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा केंद्रीय अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. तत्पूर्वीच्या वऱ्हाडातील नोंदी बहुधा कोतवाल बुकात सापडतात. चिखली, मेहकर वा मलकापूर तालुक्यातील खेड्यात जन्मलेल्या व्यक्तीची अशी नोंद पुष्कळदा बारशापूर्वीची असते. तीत पित्याचे नाव व ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख आढळतो. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीखही प्रवेशाच्या सोयीने १ जून अशी अंदाजाने घातलेली असते. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलण्याच्या प्रथेमुळे भावंडांची आई एकच आहे, हे दाखविण्यास वेगळे प्रतिज्ञापत्र लागते. मूळ नोंद नसल्यास नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्या आप्तांची प्रतिज्ञापत्रे जोडतात. अमेरिकन वकिलातीतील मुलाखतीत या कागदांतील विसंगतीवर प्रश्न विचारले जातात.

परिणाम : कायम निवासी व्यक्ती केवळ पती वा पत्नी व अविवाहित मुले यांच्यासाठी अर्ज करू शकते. आईवडील व भावंडे यांच्यासाठी अर्जदार एकवीस वर्षांचा अमेरिकन नागरिक असावा लागतो. भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५ अन्वये परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. वृद्ध आईवडिलांना जवळ आणण्यासाठी मुलास मायदेशाचे नागरिकत्व सोडावे लागते, हा या व्यवस्थेतील मोठा पेच होय. २००५ पासून रूढ झालेल्या विदेशस्थ भारतीय नागरिक या दर्जामुळे ये-जा सुलभ झाली; तथापि त्यास मतदानाचा हक्क नाही व सर्वसाधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र राखता येते.

१९९६ च्या कायद्याने पुरस्कर्त्याचे हमीपत्र न्यायालयात बंधनकारक ठरले. पुरस्कर्त्याचे उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. आईवडिलांना परवाना मिळाला, तरी पूर्वपरवानगीवाचून वर्षभर वा अधिक काळ बाहेर राहिल्यास तो गमावण्याचा संभव असतो. म्हणून ज्यांची शेती, घर व आप्तपरिवार गावी आहे, असे अनेक वृद्ध कायम निवासाऐवजी अल्पकालीन भेटीचा परवाना पसंत करतात. कायद्याने कुटुंब एकत्र येण्याचा मार्ग दिला असला, तरी कोणी कोणाकडे जावे, याचे उत्तर प्रत्येक घराला स्वतंत्रपणे शोधावे लागते.